कंपनी कुणासाठी, कशासाठी? – शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांसाठी माहितीपत्रक

आपल्या भागातल्या शेतकरी कंपन्यांची कागदपत्रं आमच्या कार्यालयात येतात, तेव्हा मेमोरँडममधलं (कंपनीच्या स्थापनेच्या मूळ दस्तऐवजातलं) उद्देश कलम आम्ही आधी वाचतो. बऱ्याचदा ते दुसऱ्या कंपनीवरून उतरवून घेतलेलं असतं: बियाणं, खतं, प्रक्रिया, निर्यात, प्रशिक्षण, सगळंच. नोंदणी त्यावर होऊन जाते. पण भाव पडले आणि पैसा अपुरा पडला, की संचालक मंडळाला त्या कलमातून काहीच उत्तर मिळत नाही.

म्हणून आमचं सांगणं एवढंच, की कंपनीचा हेतू एका वाक्यात लिहा आणि त्या वाक्यावरून एखाद्या कामाला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. ‘शेतकऱ्यांचा सर्वांगीण विकास’ या वाक्यावरून कशालाच नाही म्हणता येत नाही. ‘सभासदांची केळी आधी विकायची, बाहेरची नंतर’ यावरून येतं. हंगामात बाहेरचा माल स्वस्तात मिळतो आणि सभासदाचा घड झाडावर पिकायला लागतो, तेव्हा व्यवस्थापकाला कुणाला फोन करून विचारावं लागत नाही.

उद्दिष्ट त्यानंतर येतं. त्यात आकडा हवा, मुदत हवी आणि जबाबदार माणसाचं नाव हवं. ‘निर्यात वाढवू’ असं लिहू नका. ‘पुढच्या दोन हंगामांत सभासदांच्या केळीपैकी चौथा हिस्सा पॅकहाऊसमधून पेटीत भरून जाईल’ असं लिहा. वार्षिक सभेत हाच आकडा वाचून दाखवायचा. उद्दिष्टं तीनच ठेवा, फार तर चार.

खरी ओढाताण होते ती कुणाचा हक्क आधी, यावर. सभासद, कापणी-वाहतुकीचे मजूर, ट्रकवाले, व्यापारी, बँक, खतविक्रेता, गाव: सगळ्यांचा कंपनीशी संबंध आहे, पण सगळ्यांना पहिला नंबर देता येत नाही. प्रत्येकाबाबत दोन गोष्टी विचारा. हा उद्यापासून आला नाही तर काय थांबेल? आणि आपण चुकलो तर याचं किती नुकसान होईल? मजुरांच्या टोळीचं उत्तर या दोन्ही प्रश्नांना मोठं निघतं. कापलेली केळी थांबत नाही आणि मजुराचं घर त्या आठवड्याच्या पैशावर चालतं. तरीही मजुरांचा विषय ठरावात आलेला आम्हाला क्वचितच दिसतो. बँकेचा हप्ता मात्र प्रत्येक इतिवृत्तात असतो. हे बदलायला हवं, असं आमचं ठाम मत आहे.

कायदाही याच बाजूने बोलतो. कंपनी कायदा २०१३, कलम १६६ प्रमाणे संचालकाने सद्‌भावनेने कंपनीचे उद्देश पुढे न्यायचे असतात. ते करताना सर्व सभासदांचा फायदा आणि कंपनी, कर्मचारी, भागधारक, समाज व पर्यावरण यांचं हित पाहायचं असतं. त्यांचा क्रम मात्र कायदा लावून देत नाही. तो संचालक मंडळाने ठरवायचा.

एकदा लिहिलं की कायमचं अडकलो, ही भीती बाळगू नका. अमळनेरला १९४५ साली वनस्पती तूप बनवायला निघालेली कंपनी पुढे संगणकाच्या धंद्यात गेली. आज ती विप्रो म्हणून ओळखली जाते. उद्देश बदलायला विशेष ठराव लागतो, म्हणजे बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट हवीत. मग कंपनी निबंधकाकडे नोंद करायची. सभासदांना अंधारात ठेवून हेतू बदलता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

या कामासाठी आम्ही तुमच्या गावी येऊन मंडळाबरोबर बसतो. मेमोरँडम, गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद, सभासद यादी आणि मागच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त काढून ठेवा. अध्यक्ष एकटे असून चालणार नाही. निम्म्याहून जास्त संचालक हजर हवेत आणि त्यात महिला संचालक असाव्यात. जमलं तर मजुरांच्या टोळीच्या मुकादमालाही तासभर बोलवा. कापणीच्या घाईत ही बैठक ठेवू नका.