मेधाताईंना मिळालं ते नोबेल नव्हे

कोल्हापुरात 8 मार्च जवळ आला की कॉलेजांमध्ये वक्तृत्व स्पर्धा लागतात. शांतता, मानवी हक्क असा विषय असला की एखादी तरी मुलगी ठणकावून म्हणते, "नोबेलविजेत्या मेधा पाटकर!" टाळ्याही पडतात. पण मेधाताईंना नोबेल मिळालेलं नाही. 1991 साली बाबा आमटे आणि नर्मदा बचाव आंदोलनासोबत त्यांना मिळाला तो राइट लाइव्हलीहूड पुरस्कार. पेपरवाले त्याला 'पर्यायी नोबेल' म्हणतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

नोबेलचा शांतता पुरस्कार आल्फ्रेड नोबेल यांच्या 1895 च्या मृत्युपत्रातून आला. बाकीची नोबेलं स्टॉकहोमला दिली जातात, हा एकटा ऑस्लोला. नॉर्वेच्या संसदेने नेमलेली पाच जणांची समिती विजेता ठरवते. राइट लाइव्हलीहूड पुरस्कार 1980 चा. टपाल तिकिटांचे जाणकार असलेले स्वीडिश-जर्मन लेखक याकोब फॉन युक्सकुल यांनी नोबेल फाउंडेशनला सुचवलं होतं की पर्यावरणासाठी आणि गरिबांच्या प्रश्नांसाठी नवे पुरस्कार सुरू करा, पैशालाही मी हातभार लावतो. नकार आला. मग त्यांनी आपल्याकडची मौल्यवान टपाल तिकिटं विकली आणि स्वतःच पुरस्कार काढला. नोबेलशी त्याचा कागदोपत्री काहीही संबंध नाही.

नाव सुचवायची रीतही वेगळी. नोबेलसाठी नाव सुचवण्याचा हक्क ठरावीक लोकांनाच असतो: देशोदेशीचे खासदार, मंत्री, आधीचे विजेते, विद्यापीठातले इतिहास, कायदा, समाजशास्त्र अशा विषयांचे प्राध्यापक. म्हणजे आपले खासदार किंवा शिवाजी विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापकही 31 जानेवारीच्या आत नाव पाठवू शकतात. समिती ही नावं 50 वर्षं उघड करत नाही. त्यामुळे फ्लेक्सवर 'नोबेलसाठी नामांकित' असं वाचलं तर कुणीतरी नाव पाठवलं, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. राइट लाइव्हलीहूडसाठी मात्र कुणीही कुणाचंही नाव सुचवू शकतं, फक्त स्वतःचं नाही. गारगोटीच्या शाळेतल्या बाईसुद्धा.

हा फरक बायकांच्या बाबतीत किती मोठा ठरतो ते बघा. 1901 ते 1975 या 75 वर्षांत शांततेचं नोबेल फक्त तिघींना मिळालं: बेर्था फॉन झुटनर, जेन ॲडम्स आणि एमिली बाल्च. याउलट राइट लाइव्हलीहूड सुरू होऊन चारच वर्षं झाली होती, तेव्हा 1984 च्या यादीत अहमदाबादच्या 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेच्या इला भट्ट होत्या, केनियाच्या वांगारी माथाई होत्या आणि यादवीत होरपळणाऱ्या बैरूतमध्ये शांतता मोर्चाची हाक देणाऱ्या ईमान खलीफे होत्या. तोफांच्या माऱ्यामुळे तो मोर्चा निघूच शकला नाही. तरीही त्या हाकेची दखल घेतली गेली, याचं मला फार मोल वाटतं.

वांगारींना दोन्ही पुरस्कार मिळाले, म्हणून त्यांच्याकडे नीट पाहावं. 1977 मध्ये त्यांनी बायकांना हाताशी धरून झाडं लावायला सुरुवात केली. पहिला पुरस्कार 1984 चा. खरी परीक्षा त्यानंतर झाली. 1989 मध्ये नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये सरकारी आशीर्वादाने उभी राहणारी टोलेजंग इमारत त्यांनी अडवली. 1992 मध्ये राजकीय कैद्यांच्या आया त्याच बागेत उपोषणाला बसल्या, तेव्हा वांगारी त्यांच्यासोबत होत्या. पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि त्या बेशुद्ध पडल्या. नोबेल आलं 2004 मध्ये. तोवर केनियात सत्ता बदलली होती आणि त्या स्वतः उपमंत्री झाल्या होत्या. माझ्या मते पुरस्काराची खरी गरज लाठी पडण्याआधी असते. आपल्याकडे जग बघतंय, हे पोलिसांनाही कळावं लागतं.

नोबेल नेहमीच उशिरा येतं असंही नाही. 2023 मध्ये ते इराणमध्ये बायकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या नर्गेस मोहम्मदींना मिळालं तेव्हा त्या तेहरानच्या एविन तुरुंगात होत्या. ऑस्लोत त्यांच्या जुळ्या मुलांनी ते स्वीकारलं. मलालाला 2014 मध्ये मिळालं ते 17 व्या वर्षी. एवढा गाजावाजा दुसऱ्या कुठल्याच पुरस्काराचा होत नाही, हेही मान्य करायला हवं.

पण आपल्या कलेक्टर ऑफिससमोर धरणग्रस्त बायका फडक्यात भाकरी बांधून, लेकरं मांडीवर घेऊन धरणं धरतात, तेव्हा मला दुसरा पुरस्कार जवळचा वाटतो. दलित बायकांचं संघटन उभारणाऱ्या बंगळुरूच्या रूथ मनोरमा यांना 2006 मध्ये तोच मिळाला, पाकिस्तानच्या वकील अस्मा जहांगीर यांना 2014 मध्ये तोच. या दोघींची नावं भाषणांत क्वचितच येतात. यंदा स्पर्धेत उतरणाऱ्या मुलींनी ती जरूर घ्यावीत. आणि मेधाताईंच्या नावापुढे 'राइट लाइव्हलीहूड, 1991' असंच म्हणावं.