‘रेलिश’ म्हणजे पुन्हा चाटणे? नव्हे, मागे उरणे!

‘रेलिश’ (चव, ती चाखण्यातला आनंद, तसंच चटणीसारखं तोंडीलावणं) या इंग्रजी शब्दाची एक व्युत्पत्ति फार जुनी आहे: फ्रेंचमध्ये ‘लेशे’ म्हणजे चाटणे, त्याला ‘रे’ लागला की पुन्हा चाटणे, आणि म्हणून रेलिश म्हणजे बोटं चाटत खाणे. अमेरिकन कोशकार नोआ वेब्स्टर यांच्या १८२८च्या कोशातही ही शक्यता नोंदलेली आहे. ऐकायला इतकी चपखल, की पटकन पटते. पण ती चुकीची आहे.

मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द ‘रेलेस’ असा होता आणि तो जुन्या फ्रेंचमधून आला. तिथे त्याचा अर्थ मागे उरलेले, मागे सोडलेले. घास गिळला तरी जिभेवर जी चव रेंगाळते, ती रेलेस. शेवटचा ‘श’ पुढे, सोळाव्या शतकात, ‘फिनिश’सारख्या शब्दांच्या वळणाने आला. मुळाशी लॅटिन ‘रेलाक्सारे’, म्हणजे सैल सोडणे. म्हणजे ‘रिलॅक्स’ आणि ‘रिलीज’ ही रेलिशची सख्खी भावंडं! मला तर हे खरं मूळ त्या चाटण्याच्या गोष्टीपेक्षा कितीतरी सुंदर वाटतं.

आधी नुसती चव, मग सतराव्या शतकात ती चाखण्यातला आनंद, असा अर्थ सरकत गेला. बाटलीवर लिहिलेलं, चटणीसारखं तोंडीलावणं हा अर्थ तर त्याहून उशिराचा, साधारण अठराव्या शतकाच्या अखेरचा. त्यामुळे ‘रेलिश म्हणजे मुळात चटणीच’ हेही खरं नाही.