संहिता हातात घेतल्यावर : नाटकातले आणि साहित्यातले नेहमीचे शब्द
(इयत्ता सहावी ते आठवीसाठी, नाट्यसंहिता-संचासोबतचे माहितीपत्रक)

आमचा संच घेणारे शिक्षक आणि पालक हमखास विचारतात, की सोबत व्याख्यांची यादी का देत नाही? यादी मुलं पाठ करतात, परीक्षेत लिहितातही. पण संहिता, म्हणजे नाटकाचा लिहिलेला मजकूर, उघडली की पहिला प्रश्न येतो, "कंसातलंपण बोलायचं का?" म्हणून आधी हा तुकडा मोठ्याने वाचा.

(रिकामा वर्ग. मधली सुट्टी. ईशान बाकापाशी उभा. मीरा दारात येते.)
मीरा : काय रे, खेळायला नाही आलास?
ईशान : (कंपासपेटी पाठीमागे लपवत) असंच. कंटाळा आला.
मीरा : (प्रेक्षकांकडे वळून) माझीच पेटी माझ्यापासून लपवतोय. बघू या किती वेळ! (जाते.)
ईशान : (एकटाच) झाकण तुटलंय. सांगितलं तर चिडेल. नाही सांगितलं तर... उद्या तिच्याशेजारी बसू कसा?

कंसातला मजकूर म्हणजे रंगसूचना. ती बोलायची नाही, करून दाखवायची. दोघांमधली सवाल-जवाबाची वाक्यं म्हणजे संवाद. ईशान शेवटी स्वतःशीच बोलतो, ते स्वगत. मीराचं प्रेक्षकांना उद्देशून आलेलं वाक्य मात्र वेगळं. ईशान शेजारी उभा असूनही त्याला ते ऐकू येत नाही, असं सगळ्यांनी मिळून मानायचं. याला आज बरेच जण जनांतिक म्हणतात. जुन्या संस्कृत नाटकांत जनांतिक म्हणजे इतरांना वगळून दोन पात्रांनी आपापसांत बोलणं. ते करताना नट हाताची 'त्रिपताक' मुद्रा (अनामिका दुमडलेली, बाकीची बोटं सरळ) आडवी धरत, म्हणजे प्रेक्षकांना खूण पटे. वर्गात करून बघा, मुलांना भारी आवडतं.

आता त्या पेटीकडे या. ईशान पेटी लपवतोय हे मीराला कळलंय, ते आपल्याला ठाऊक आहे, ईशानला नाही. पात्राच्या आधी प्रेक्षकाला कळणं, ही नाटकाची फार जुनी युक्ती. पुढचं त्याचं प्रत्येक खोटं आपण जीव मुठीत धरून ऐकतो ते त्यामुळेच.

उत्तरपत्रिकांत सर्वांत जास्त घोळ होतो तो संघर्ष या शब्दाचा. संघर्ष म्हणजे भांडण, असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं. वरच्या प्रवेशात कुणी आवाजही चढवत नाही, तरी संघर्ष आहे. तो ईशानच्या मनात आहे, सांगावं की लपवावं. दोन माणसांत, माणूस आणि परिस्थितीत, किंवा एकाच माणसाच्या दोन इच्छांमध्ये ओढाताण असली की संघर्ष झाला. ती ताणत ताणत जिथे निर्णय टाळताच येत नाही, तो उत्कर्षबिंदू.

कथा आणि कथानक हेही एकच समजले जातात. झाकण सकाळी तुटलं, नाटक सुरू होतं मधल्या सुट्टीत, आणि तुटल्याचं आपल्याला कळतं शेवटच्या स्वगतात. घडलं त्या क्रमाने सांगितली तर ती कथा. लेखकाने कार्यकारण धरून मुद्दाम लावलेली मांडणी म्हणजे कथानक. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने शोकांतिकेची सहा अंगं सांगितली आणि कथानकाला पहिला मान दिला, पात्रांना दुसरा.

पात्र आणि नट यांतही गल्लत नको. ईशान हे पात्र. ते रंगवणारा मुलगा किंवा मुलगी म्हणजे नट. ॲरिस्टॉटलच्याच नोंदीप्रमाणे ग्रीक नाटककारांपैकी एस्किलसने एका नटाचे दोन केले आणि सॉफोक्लीसने तीन. मुखवटे बदलून तेवढेच नट सगळी पात्रं निभावत. वर्गात मुलं कमी असली तर हा उपाय आजही चालतो.

बाकीचं थोडक्यात. अंक हा नाटकाचा मोठा भाग; त्यात स्थळ किंवा वेळ बदलली की नवा प्रवेश. एकांकिकेला अंक एकच, प्रवेश कितीही असू शकतात. रंगमंचावरचा बाक, फळा, दार हे नेपथ्य. शेवट दुःखाचा ती शोकांतिका, आनंदाचा ती सुखांतिका, आणि निव्वळ हसवण्यासाठी रचलेलं ते प्रहसन. भरतमुनींच्या 'नाट्यशास्त्र' या प्राचीन ग्रंथात रस, म्हणजे नाटक बघताना मनात उमटणाऱ्या भावनांचे आस्वाद, आठ आहेत. नववा शांतरस नंतर जोडला गेला. त्यामुळे पुस्तकात आठ किंवा नऊ, काहीही दिसलं तरी गोंधळू नका.

अलंकारांसाठी याच प्रसंगाची गोष्ट लिहून घ्या. "ईशानचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला" ही उपमा. "चेहरा जणू कोरा कागदच" ही उत्प्रेक्षा. "बाक रुसून बसला होता" ही चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते असं सांगणं. गोष्ट लिहिताना आणखी एक जण लागतो, तो निवेदक, म्हणजे गोष्ट सांगणारा. वरच्या संहितेत त्याला जागाच नाही. त्याचं थोडंफार काम रंगसूचना करतात. तीच गोष्ट एकदा मीराच्या तोंडून आणि एकदा ईशानच्या तोंडून लिहायला लावा. झाकण तुटल्याचं कधी उघड करायचं, हे दोघांच्या गोष्टीत वेगळं ठरेल.

संचातल्या प्रत्येक पानावर उजवीकडे रुंद समास सोडला आहे. संज्ञा तिथे त्या त्या ओळीसमोर पेन्सिलीनेच लिहाव्यात, कारण तालमीत बरीचशी उत्तरं बदलतात.