रक्तशर्करा तपासणी

मधुमेहाचे निदान करण्यासाठी व उपचार लागू पडतात की नाही हे पाहण्यासाठी रक्तातील ग्लुकोज मोजण्याच्या चाचण्या. प्रमाण मिलिग्रॅम प्रति डेसीलिटरमध्ये देतात. सोलापुरातल्या लॅबमध्ये ‘फास्टिंग-पीपी’ (उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी) ही जोडी सर्रास सांगितली जाते.

फास्टिंगसाठी किमान आठ तास पोटात पाण्याखेरीज काही नको. रात्रपाळी संपवून थेट लॅब गाठणाऱ्या यंत्रमाग कामगाराने पहाटे कारखान्यात अर्धा कप चहा घेतला असेल, तर तो नमुना उपाशीपोटीचा राहत नाही. तसे लॅबमध्ये सांगून टाकावे. १०० च्या आत प्रमाण सामान्य, १०० ते १२५ मधुमेहपूर्व अवस्था आणि १२६ वा त्याहून अधिक असल्यास मधुमेह समजतात. मात्र लक्षणे नसतील तर एकाच रिपोर्टवर निदान पक्के करत नाहीत, चाचणी पुन्हा करतात.

पीपीचे दोन तास जेवणाच्या पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नव्हे. निदानासाठी जेवणाऐवजी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात; त्यानंतर दोन तासांनी २०० किंवा जास्त आले तर मधुमेह. देखरेखीसाठी मात्र नेहमीचेच जेवण हवे आणि नेहमीची गोळीही घेतलेली हवी. रोज कडक भाकरी, शेंगाचटणी, वर भात असे जेवणारा माणूस त्या दिवशी काकडी-टोमॅटोवर भागवतो, तेव्हा रिपोर्ट सुंदर येतो आणि औषधाचा डोस चुकतो. ज्वारी ‘शुगरला चालते’ म्हणून चार भाकऱ्या खाणाऱ्यांनीही ही चाचणी करून पाहावीच. ज्वारीतही पिष्ट असतेच.

चार दिवसांच्या पथ्याला फसत नाही ती एचबीए१सी, म्हणजे ग्लुकोज चिकटलेल्या हिमोग्लोबिनची टक्केवारी सांगणारी चाचणी. ग्लुकोज तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटते आणि या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी तीत उमटते. तिला उपाशी राहावे लागत नाही. ६.५ टक्के वा अधिक म्हणजे मधुमेह. उपचार चालू असलेल्या बहुतेक प्रौढांसाठी ७ च्या आतले उद्दिष्ट ठेवतात, वृद्धांसाठी ते सैल करतात. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर साधारण १५४. लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या पंडुरोगात मात्र ही टक्केवारी खोटी वाढलेली दिसू शकते, तर रक्त चढवल्यावर किंवा तांबड्या पेशी लवकर फुटत असतील तर ती फसवी असते. त्यामुळे हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईचा नुसता एचबीए१सी पाहून औषध वाढवणे बरोबर नव्हे.

घरच्या ग्लुकोमीटरचा आकडा लॅबच्या आकड्याशी तंतोतंत जुळत नाही. १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतात. बोटाला गूळ किंवा द्राक्षाचा रस लागलेला असेल तर मात्र आकडा भलताच चढतो. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचावे, तिथे दुखते कमी. स्ट्रिपच्या डबीचे झाकण लगेच लावावे. बहुतेक स्ट्रिप ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात आणि सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, तेव्हा गच्चीखालच्या तापलेल्या खोलीपेक्षा घरातला सर्वांत थंड कोपरा त्यांना बरा.

मीटरचा खरा उपयोग साखर उतरल्यावर होतो. इन्शुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांना एकादशीच्या उपवासात घाम सुटला, हात थरथरले तर आधी बोट टोचावे. ७० च्या खाली असेल तर साधारण तीन छोटे चमचे साखर पाण्यातून घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे. मीटर हाताशी नसेल तर मोजण्याची वाट न पाहता साखर घ्यावी.