निम्म्या जागांची पार्श्वभूमी : महाराष्ट्रातील स्थानिक सत्ता आणि स्त्रिया

महाराष्ट्रातील ग्रामपंचायती, जिल्हा परिषदा आणि महापालिकांमध्ये आज निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, आणि सोडतीच्या दिवशी कोणता गट किंवा प्रभाग ‘महिला राखीव’ निघतो याकडे स्थानिक पुढाऱ्यांचे डोळे लागलेले असतात. ही व्यवस्था आता इतकी अंगवळणी पडली आहे की, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर राखीव जागांना विरोध करणाऱ्यांमध्ये स्त्री-चळवळीच्या नेत्याच आघाडीवर होत्या, याचा सहसा विसर पडतो.

ब्रिटिशांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्याने प्रांतिक विधिमंडळांत स्त्रियांसाठी काही जागा राखून ठेवल्या, त्या अखिल भारतीय महिला परिषदेसारख्या संघटनांची मागणी डावलून. या संघटनांना सवलत नको होती. सर्व प्रौढांना मताधिकार हवा होता. मुंबई प्रांतातून संविधान सभेवर गेलेल्या हंसा मेहता यांनी १९ डिसेंबर १९४६ रोजी सभागृहात हीच भूमिका मांडली : आम्ही राखीव जागा किंवा स्वतंत्र मतदारसंघ कधीच मागितले नाहीत, आम्हाला सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय हवा आहे. त्यामागचा विश्वास असा होता की, कायद्याने समान मत मिळाले की समान स्थान हळूहळू मिळेलच.

तो विश्वास पुढच्या अडीच दशकांत ढासळला. १९५७ च्या बलवंतराय मेहता समितीने पंचायतींवर दोन स्त्रियांना स्वीकृत सदस्य म्हणून घेण्याची शिफारस केली होती. म्हणजे निवडून येण्याची अपेक्षाच नव्हती, आणि घेतली जाणारी स्त्री बहुधा गावातल्या वजनदार घरातलीच असे. स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय समितीचा अहवाल १९७४ मध्ये आला, तेव्हा बहुसंख्य सदस्यांनी विधिमंडळातील आरक्षण नाकारले. वीणा मजुमदार आणि लोतिका सरकार यांनी मात्र भिन्नमतपत्रिका जोडली. पुढच्या काळाने कौल दिला तो या दोघींच्या बाजूने.

महाराष्ट्रात या प्रश्नाला धार आली ती विद्यापीठांतून नव्हे, शेतकरी आंदोलनातून. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले आणि त्याला लाखोंच्या संख्येने ग्रामीण स्त्रिया आल्या. स्थानिक निवडणुका स्त्रियांनीच लढवाव्यात हा विचार तेथून पुढे आला, आणि काही वर्षांतच जळगाव जिल्ह्यातील विटनेर, यवतमाळ जिल्ह्यातील मेटीखेडा अशा गावांनी ग्रामपंचायतीची सगळी सूत्रे स्त्रियांच्या हाती दिली. विटनेरमध्ये तर ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत पुरुषांनी जमिनीचा काही हिस्सा पत्नींच्या नावावर केला. सत्तेला सातबाऱ्याचा आधार लागतो, हे त्या मोहिमेने ओळखले होते. नंतरच्या आरक्षणाच्या कायद्यांनी हे भान ठेवलेले दिसत नाही.

१९९० मध्ये शरद पवार यांच्या सरकारने स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखून ठेवल्या. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी देशभर किमान एक तृतीयांश जागांचे आणि अध्यक्षपदांचे आरक्षण बंधनकारक केले. बिहारने २००६ मध्ये हे प्रमाण पन्नास टक्क्यांवर नेले आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने तेच केले. दरम्यान, १९९४ मध्ये राज्याचे पहिले महिला धोरण जाहीर झाले आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान वाटा देणारी दुरुस्तीही त्याच वर्षी झाली.

जागा मिळाल्या तरी अधिकार सहज हाती आले नाहीत. बैठकीला बसणारे आणि सही कुठे करायची ते सांगणारे ‘सरपंचपती’ गावोगाव दिसू लागले. राखीव जागा पाळीपाळीने फिरत असल्याने एका कार्यकाळात काम शिकलेल्या स्त्रीची जागा पुढच्या वेळी खुली होते, आणि खुल्या जागेवर पक्ष तिला क्वचितच उमेदवारी देतात. अविश्वास ठरावांचा वापर इतका सोयीस्कर ठरला की, राखीव पदावरील महिला सरपंचाला हटवण्यासाठी तीन चतुर्थांश बहुमताची अट कायद्यात घालावी लागली. तरीही या स्त्रिया केवळ नामधारी राहिल्या, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या अभ्यासकांनी पश्चिम बंगाल व राजस्थानात केलेल्या अभ्यासात, राखीव पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च केल्याचे आढळले होते.

गावात जे दिले गेले, ते विधानसभेत आणि संसदेत द्यायला मात्र राजकीय पक्ष तयार झाले नाहीत. खाली जागा सोडताना कार्यकर्त्यांच्या जागा जात होत्या, वर सोडताना आमदार-खासदारांच्या स्वतःच्या. फरक इतकाच होता. १९९६ मध्ये पहिल्यांदा मांडलेले महिला आरक्षण विधेयक २०१० मध्ये राज्यसभेत संमत झाले, पण लोकसभेत अडकले. अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये हे आरक्षण देणारी १०६ वी घटनादुरुस्ती संमत झाली, तीही अंमलबजावणी पुढील जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेशी बांधून. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात २८८ पैकी २१ स्त्रिया निवडून आल्या; २०१९ मध्ये हा आकडा २४ होता.

त्याच २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातील विचखेडा गावच्या अपात्र ठरवलेल्या महिला सरपंचाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. सरकारी जमिनीवर राहत असल्याच्या तक्रारीवरून तिचे पद गेले होते. स्त्री सरपंच झाली आणि तिच्या सूचना पाळाव्या लागणार, हे काही गावकऱ्यांना पचले नाही, असे निरीक्षण नोंदवून न्यायालयाने तिला उरलेल्या कार्यकाळासाठी पदावर परत बसवले.