मिरवणुकीतला निळा कागदावर का उतरत नाही?

गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीचे फोटो मोबाईलवर पाहताना लायटिंगचा निळा डोळ्यांत भरतो. तोच फोटो घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापला की निळा जांभळट आणि मलूल दिसतो. हळदीच्या कार्यक्रमातला पिवळा मात्र बऱ्यापैकी जसाच्या तसा येतो. बेळगाव असो, खानापूर असो की निपाणी, घरी प्रिंटर घेतलेला माणूस अशा वेळी शाईला दोष देतो आणि महागातली शाई आणतो. तरी निळा काही सुधारत नाही. त्याचं कारण कळलं, तर बाकीच्या रंगांचंही गणित सुटतं.

मोबाईलचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो. लाल, हिरवा आणि निळा हे तीन प्रकाश कमीजास्त मिसळून तो बाकीचे रंग तयार करतो. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ साली लंडनमध्ये हेच दाखवून दिलं होतं. एका रंगीत फितीचे तीन रंगांच्या काचांमधून घेतलेले फोटो त्यांनी पडद्यावर एकावर एक टाकले आणि फितीचे रंग दिसू लागले.

कागदाचा मामला उलटा आहे. त्याच्याकडे स्वतःचा प्रकाश नाही. खोलीतला उजेड त्याच्यावर पडतो, शाई त्यातला काही भाग गिळते आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. सायन म्हणजे आकाशी शाईने फक्त लाल गिळायचा, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी शाईने फक्त हिरवा आणि पिवळीने फक्त निळा, अशी अपेक्षा असते. पण खऱ्या शाया इतक्या शिस्तीच्या नसतात. मॅजेंटा हिरव्याबरोबर थोडा निळाही खाते. सायन लालबरोबर थोडा हिरवा आणि निळाही खाते. कागदावर निळा हवा असेल तर या दोनच शाया एकावर एक बसवाव्या लागतात, म्हणजे जो निळा वाचवायचा तोच दोन्हीकडून कातरला जातो. एलईडीचा झगझगीत निळा कागदावर येत नाही तो यामुळे. पिवळ्याला मात्र एकच शाई पुरते आणि ती बरीच शुद्ध असते, म्हणून हळद साधते. तेव्हा त्या निळ्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. चेहरे, साड्या, शेतं यांचे रंग साध्य होण्यातले आहेत, मेहनत तिथे घ्यावी.

‘प्रिंट काळपट आली’ ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. बहुतेक वेळा प्रिंट ठीक असते आणि पडदाच फार उजळ ठेवलेला असतो. कोरा पांढरा कागद पडद्याशेजारी धरा. पडद्यावरचा पांढरा रंग त्या कागदाइतकाच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. मोबाईलमध्ये रंग भडक करून दाखवणारा मोड असेल तर तोही बंद करा. फोटोची दुरुस्ती त्यानंतर करायची.

आता रंगांच्या भाषांतराकडे येऊ. फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतात, नुसते आकडे असतात. त्या आकड्यांसाठी या प्रिंटरने या कागदावर कोणती शाई किती सोडायची, हे ठरवणारा तक्ता म्हणजे प्रोफाइल. १९९३ साली काही कंपन्यांनी एकत्र येऊन अशा प्रोफाइलचा एक सामाईक नमुना ठरवला, तोच आज चालतो. दुभाष्याचं काम सीमाभागातल्या माणसाला समजावून सांगायला नको. प्रोफाइल हा पडदा आणि कागद यांच्यामधला दुभाषी. घोटाळा होतो तो दोन दुभाषी एकाच वेळी बोलू लागले की. फोटो सॉफ्टवेअरने रंग एकदा बदलून दिले आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरने, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रामने, त्यावर पुन्हा स्वतःची दुरुस्ती केली, तर चेहरे विचित्र गुलाबी होतात. म्हणून रंगांचा कारभार दोघांपैकी एकाकडेच द्या. कागदाच्या कंपनीने प्रोफाइल दिली असेल तर ती सॉफ्टवेअरमध्ये निवडा आणि ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती बंद करा. नसेल, तर सगळं ड्रायव्हरवर सोडा.

पण कागदाचा प्रकार मात्र ड्रायव्हरमध्ये बरोबर सांगायलाच हवा. मला हे सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, आणि सर्रास दुर्लक्ष होतं तेही इथेच. शाईचा एक थेंब काही पिकोलिटरचा असतो, आणि एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. साध्या कागदावर तो थेंब तंतूंत शिरतो, पसरतो आणि रंग मळकट होतो. फोटो पेपरवरचा लेप त्याला वरच्या वर धरून ठेवतो. ‘ग्लॉसी’ निवडलं की प्रिंटर शाईचं प्रमाण बदलतो. काही प्रिंटरांत काळी शाई वेगळ्या जातीची असते आणि ती चकचकीत लेपावर नीट बसत नाही. तिथे प्रिंटर काळा रंग बाकीच्या तीन शायांतून जमवतो. चुकीचा कागद निवडलात की हा सगळा हिशेब कोलमडतो.

आपल्याकडच्या पावसाळ्याचा विचारही करायला हवा. जूनपासून खानापूर-जांबोटीकडे हवा ओलीगच्च असते आणि बेळगावातही फारसं वेगळं नसतं. उघड्या पाकिटातला कागद ती ओल ओढून घेतो, वाकतो, शाई वाळायला वेळ लागतो आणि कडा पसरट होऊ शकतात. लागतील तेवढेच कागद बाहेर काढा, बाकीचे पाकिटात हवाबंद ठेवा. ताज्या प्रिंटवरून रंगाचा निवाडा करू नका. रात्रभर वाळू द्या, मग बघा.

बघायचं ते कुठल्या उजेडात, हा प्रश्न बेळगावच्या शहापूर-खासबागेत साडी घेणाऱ्या बायकांनी कधीच सोडवला आहे. दुकानातल्या ट्यूबखाली काठाला जुळलेला ब्लाउजपीस त्या दारात नेऊन बघतात. विक्रेताही म्हणतो, “दारात नेऊन बघा की, वहिनी.” दोन रंग एका उजेडात सारखे आणि दुसऱ्यात वेगळे दिसू शकतात, कारण दोन्ही कापडांचे रंग वेगवेगळ्या रसायनांचे असतात. प्रिंटचंही तेच. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात निळ्याची उसळी असते आणि गडद लाल कमी पडतो, त्यामुळे तिथे कुंकवाचा लाल उतरलेला दिसतो. शिवाय पुष्कळ फोटो पेपरांत चकाकी आणणारी द्रव्यं घातलेली असतात. ती अदृश्य अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश टाकतात, त्यामुळे कागद दिवसा जास्त शुभ्र आणि दिव्याखाली किंचित पिवळट वाटतो. रंग ठरवताना खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही, असा दिवसाचा उजेड घ्यावा. फोटो बैठकीच्या खोलीत टांगायचा असेल तर तिथल्या दिव्याखालीही एकदा धरून बघावा.

नवा कागद आणला की आधी नोझल चेक, म्हणजे शाईची सगळी छिद्रं चालू आहेत का हे दाखवणारं चाचणीचं पान, काढा. रेषा तुटक असतील तर शाई सोडणारं हेड साफ करून घ्या, त्याशिवाय पुढचं सगळं फुकट. मग एकाच पानावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची राखाडी पट्टी, घरातल्या माणसांचे दोन-तीन चेहरे आणि एखादी हिरवी भातशेती छापा. डोळा सर्वांत आधी राखाडीतली चूक पकडतो. राखाडी पट्टी गुलाबी किंवा हिरवट दिसली तर चेहऱ्यांतही तीच झाक उतरलेली असणार. तेव्हा फोटो न फोटो वेगळा दुरुस्त करत बसू नका, सेटिंग बदला. पट्टी जमली की पानाच्या मागे पेन्सिलने कागदाचं नाव, निवडलेली सेटिंग आणि तारीख लिहून ठेवा. पुढचं पाकीट आणाल तेव्हा याच पानाशी ताडून बघता येईल.