अँटिबॉडी ओसरल्या, तरी टी पेशी विषाणूला विसरत नाहीत

2003 च्या साथीत सार्स (करोनाच्याच कुळातल्या विषाणूमुळे होणारा श्वसनाचा आजार) होऊन बरे झालेल्या 23 जणांचं रक्त सिंगापूरच्या संशोधकांनी 2020 मध्ये तपासलं. मधे 17 वर्षं गेली होती. सार्सचा विषाणू 2004 नंतर माणसांमध्ये दिसलेला नाही, त्यामुळे या लोकांशी त्याची पुन्हा गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता. सार्समधून उठलेल्या इतर रुग्णांच्या अभ्यासात तर सहा वर्षांतच बहुतेकांच्या रक्तातल्या अँटिबॉडी दिसेनाशा झाल्या होत्या. तरीही या 23 जणांच्या रक्तातल्या टी पेशींनी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींनी, सार्सच्या विषाणूचे तुकडे लगेच ओळखले. इतकंच नाही, तर त्यांच्याशी मिळतेजुळते नव्या करोनाचे तुकडेही ओळखले.

करोनाच्या काळात ‘अँटिबॉडी किती आल्या?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जात होता. तीन-चार महिन्यांनी आकडा खाली आला की लोक धास्तावत. त्यांचं चुकत नव्हतं, कारण त्यांच्यासमोर तेवढाच आकडा होता. अँटिबॉडीची चाचणी थेंबभर रक्तावर होते आणि यंत्रं एका दिवसात हजारो नमुने तपासू शकतात. टी पेशी तपासायच्या तर त्या रक्तातून जिवंत वेगळ्या कराव्या लागतात, विषाणूच्या तुकड्यांसोबत काही तास ते रात्रभर ठेवाव्या लागतात आणि मग त्या चेतवल्या जातात का, ते पाहावं लागतं. एवढा खटाटोप लाखो लोकांसाठी करणं शक्य नव्हतं. म्हणून प्रतिकारशक्तीची अर्धीच बाजू लोकांपर्यंत पोचली, आणि माझ्या मते त्यातून बरीच अनाठायी भीती पसरली.

अँटिबॉडी रक्तात आणि नाका-घशाच्या ओलाव्यात फिरत असतात. विषाणू पेशीबाहेर असेपर्यंत त्या त्याला धरू शकतात. तो एकदा पेशीत शिरला की त्यांचा हात तिथे पोचत नाही. मग पेशी आतून बाधित आहे हे बाहेर कळायचं कसं? आपली जवळजवळ प्रत्येक पेशी आत तयार होणारी प्रथिनं सतत कातरत असते. त्यातले आठ-दहा अमिनो आम्लांचे छोटे तुकडे एचएलए नावाच्या रेणूंवर बसवून ती आपल्या पृष्ठभागावर मांडून ठेवते. टी पेशी हे तुकडे चाचपत फिरतात. तुकडा आपलाच असेल तर त्या पुढे जातात. विषाणूचा निघाला, तर मारक टी पेशी त्या पेशीच्या आवरणाला छिद्रं पाडून तिच्यात मारक विकरं सोडते. पेशी मरते आणि तिच्यातला विषाणूंचा कारखाना बंद पडतो. टी पेशी नुसता विषाणूचा तुकडा पाहत नाही, तर आपल्याच एचएलए रेणूवर बसलेला तुकडा पाहते. हे कॅनबेरामध्ये काम करणाऱ्या पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागल यांनी 1970 च्या दशकात दाखवून दिलं. त्यांना 1996 चं नोबेल मिळालं.

टी पेशींचा दुसरा गट मदतनीस पेशींचा. त्यांच्या मदतीशिवाय बी पेशींना चांगल्या, टिकाऊ अँटिबॉडी बनवता येत नाहीत. म्हणजे ज्या अँटिबॉडी आपण मोजत होतो, त्यांच्यामागेही टी पेशीच होत्या.

या पद्धतीचा मोठा फायदा असा, की तुकडा विषाणूच्या कोणत्याही प्रथिनाचा चालतो. संसर्ग रोखणाऱ्या अँटिबॉडींचा भर मुख्यतः विषाणूच्या बाहेरच्या काट्यांवर, म्हणजे स्पाइक प्रथिनावर असतो. 2021 च्या अखेरीस आलेल्या ओमिक्रॉनने या एका प्रथिनात 30 हून अधिक बदल केले आणि तो अनेक अँटिबॉडींना चकवून निसटला. दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी मात्र लस घेतलेल्या आणि आजारातून उठलेल्या लोकांच्या टी पेशी तपासल्या, तेव्हा ओमिक्रॉनच्या स्पाइकविरुद्धचा त्यांचा सुमारे 70 ते 80 टक्के प्रतिसाद शाबूत होता. त्यात आणखी एक गोष्ट विषाणूच्या विरोधात जाते. प्रत्येक माणसाचा एचएलए संच वेगळा, त्यामुळे कोणते तुकडे मांडले जातात तेही माणसागणिक वेगळं. एका माणसाच्या टी पेशींना चकवणारा बदल दुसऱ्याच्या शरीरात उपयोगी पडेलच असं नाही.

लंडनमधल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास मला या साऱ्यात सर्वांत विलक्षण वाटतो. पहिल्या लाटेत यातले काही जण रोज विषाणूच्या सान्निध्यात होते, पण त्यांची पीसीआर चाचणी कधीच पॉझिटिव्ह आली नाही आणि अँटिबॉडीही तयार झाल्या नाहीत. त्यांच्या टी पेशी मात्र विषाणूच्या प्रती काढणाऱ्या प्रथिनांविरुद्ध सज्ज होत्या. विषाणू पेशीत शिरल्यावर ही प्रथिनं सर्वांत आधी बनतात. शिवाय करोना कुळातल्या निरनिराळ्या विषाणूंमध्ये ती बरीच सारखी असतात, साध्या सर्दीच्या चार करोना विषाणूंमध्येसुद्धा. जुन्या सर्दीत तयार झालेल्या टी पेशींनी नवा संसर्ग मूळ धरण्याआधीच निपटला असावा, असा त्या संशोधकांचा तर्क आहे.

2023 मध्ये या दिशेने आणखी एक पुरावा मिळाला. एचएलए-बी 15:01 या जनुकप्रकाराच्या दोन्ही प्रती असलेल्या लोकांना करोना होऊनही लक्षणं न दिसण्याची शक्यता इतरांच्या आठपटीहून जास्त आढळली. हा प्रकार असलेल्या काहींचं साथीच्या आधी घेतलेलं रक्त तपासलं, तर त्यातल्या टी पेशीही नव्या विषाणूचा एक तुकडा ओळखत होत्या. तो तुकडा सर्दीच्या करोना विषाणूंमधल्या तुकड्याशी जवळपास तंतोतंत जुळतो.

अर्थात यातून भलताच निष्कर्षही काढला गेला. विषाणूशी कधीच संबंध न आलेल्या जवळपास निम्म्या लोकांच्या रक्तात त्याला ओळखणाऱ्या टी पेशी आहेत, असं 2020 मध्ये दिसल्यावर काहींनी साथ आपोआप थांबेल असं सांगायला सुरुवात केली. पुढच्या लाटांनी ते खोटं ठरवलं. टी पेशी संसर्ग झालेल्या पेशीवर काम करतात, म्हणजे संसर्ग व्हावाच लागतो. दारातच अडवण्याचं काम अँटिबॉडीचं. 2022 च्या सुरुवातीला लस घेतलेल्यांनाही करोना झाला, पण बहुतेकांच्या फुफ्फुसांपर्यंत तो गेला नाही, यामागचं एक महत्त्वाचं कारण टी पेशी हेच आहे. रक्ताचा कर्करोग असलेल्या आणि अँटिबॉडी नीट बनवू न शकणाऱ्या रुग्णांमध्येही मारक टी पेशी भरपूर असलेले रुग्ण जास्त प्रमाणात वाचले.

वृद्धांवर या आजाराचा घाला इतका जबर का पडला, याचाही एक धागा इथेच सापडतो. टी पेशी छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत घडतात. तिथली निवड इतकी कडक असते की बहुतांश पेशी तिथेच मरतात. ही ग्रंथी तरुणपणापासूनच आक्रसू लागते. म्हातारपणी जुन्या शत्रूंना ओळखणाऱ्या पेशी भरपूर असतात, पण अगदी नव्या विषाणूसाठी लागणाऱ्या कोऱ्या टी पेशी थोड्याच उरतात. त्या शोधून, वाढवून कामाला लावेपर्यंत विषाणूला हवे असलेले दिवस मिळून जातात. लस ही तयारी विषाणू येण्याआधीच करून घेते. म्हणूनच वृद्धांना ती आधी देण्याला इतका अर्थ होता.

आता काही प्रयोगशाळांमध्ये स्पाइकसोबत विषाणूची आतली, फारशी न बदलणारी प्रथिनंही लशीत घालण्याचे प्रयत्न चालू आहेत. नाकावाटे देण्याच्या लशींकडूनही आशा आहे. काही स्मृतिपेशी, म्हणजे विषाणूला लक्षात ठेवणाऱ्या टी पेशी, रक्तात फिरत न राहता नाकाच्या अस्तरात आणि फुफ्फुसांत कायमचा मुक्काम करतात, आणि दंडावर टोचलेल्या लशीने तिथे त्या फारशा तयार होत नाहीत.